मी बसवलेला मोर्चा

दमलोय गड्यांनो, चहा जरा कडक करा. निवडणुकीत मित्राला पाडलं मी. विरोधकांनी नव्हे, मीच. आणि तेही त्याच्याच प्रचाराला जाऊन!

तुम्हाला माहीतच आहे, तीस वर्षं सिनेमात फौजदार झालो. बढती काही मिळाली नाही. शेवटी कंटाळून स्वतःच एक सिनेमा काढायला घेतला. जत भागातल्या पाण्याची गोष्ट. त्यात बायकांचा हंडा मोर्चा होता. त्याचं शूटिंग तिथल्याच एका गावात ठरलेलं, गावातल्या बायका जमवायला मॅनेजरला सांगून ठेवलेलं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच गावात अशोकची सभा. अशोक माझा शाळेपासूनचा दोस्त, पाच वर्षं जिल्हा परिषदेत, आता पुन्हा उभा. म्हणाला, "तू नुसता ये रं. ह्या गावानं तारलं तर तारलं, न्हाईतर घरी बसतोय मी." नाही कसं म्हणणार? सकाळपासूनची ती पाचवी सभा. तेच हात जोडणं, तोच 'आपला माणूस'. घसा बसलेला, डोकं उठलेलं. भाषण उरकलं आणि मांडवामागं जाऊन टेकलो.

बघतो तर पंधरा-वीस बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. एकमेकींना पुढं ढकलत होत्या. मला वाटलं, मॅनेजरनं तालमीला एक दिवस आधीच आणल्या. एका शब्दानं विचारायचं तर तेही नाही. दिग्दर्शक ना मी.

"असा मोर्चा असतोय व्हय मावशी?" पुढच्या म्हातारीला म्हटलं.

"आवं, आमाला कुटं येतंय ह्यातलं?"

"हंडे एकदम आपटा. पुढाऱ्याच्या डोळ्यात बघून विचारा, पाच वर्षं कुठं होतास? मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"पुढारी म्हंजी त्यो, वर बोलतोय त्योच न्हवं?"

"त्योच समजा." किती हुशार बाई, म्हणून मी खूश.

कर्ण्याच्या गोंगाटात दोनदा तालीम घेतली. तिसऱ्यांदा त्या थेट स्टेजपुढं गेल्या.

"पाच वरसं कुटं हुतास?"

अशोकचं भाषण बंद. हंडे दणादण आपटतायत, अख्खी सभा मोबाईल वर करून उभी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की ह्या माझ्या सिनेमाच्या बायका नव्हेत, ह्यांच्या घरात खरंच पाणी नाही. धावत जाऊन 'कट, कट' केलं. बसलेल्या घशातनं आवाज निघणार कुठला?

व्हिडिओ तालुकाभर फिरला. चार दिवसांत गावात टँकर सुरू झाला आणि निकालात अशोक पडला. अजून माझा फोन उचलत नाही. वाईट वाटतं हो, शाळेपासूनची दोस्ती.

म्हटलं, निदान सिनेमा तरी वाचवावा. राहिलेला सीन घ्यायला परत गेलो. त्याच बायका, तेच हंडे. कॅमेरा सुरू झाला आणि एकीचाही आवाज फुटेना. हंडे असे अलगद ठेवत होत्या, जसं काय आत दूध आहे. दहा टेक झाल्यावर मी हात जोडले. "मावशी, त्या दिवशी कसं जमलं?"

"तवा पाणी न्हवतं. आता टँकर येतोय की," म्हातारी म्हणाली. "मनात नसलेलं तोंडानं बोलायचं म्हंजी लय अवघड बघा. तुमी त्या दिवशी अशोकरावाबद्दल कसं घडाघडा बोलला, तसं आमाला न्हाई जमत."