डब्यातलं ओलं फडकं

सकाळी आमची गाडी इतकी शहाणी, की विचारू नका. नायगावहून आईला घेऊन निघायचं, तर एका सेल्फात चालू. नांदेडच्या दवाखान्यात आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चार तास ती मशीनवर आणि मी बाहेर बाकड्यावर वह्या तपासत. गाडी तेवढ्यात गार झालेली असायची, म्हणून निघतानाही तक्रार नाही.

रडगाणं सुरू व्हायचं ते परतीच्या वाटेवर. डायलिसिसनंतर आईला मळमळायचं, मग रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं थांबायचं. थांबलो की संपलंच! सेल्फ नुसता घरघर फिरायचा, इंजिन काही चालू व्हायचं नाही. पाऊण तास उन्हात. आई मागच्या सीटवर आडवी आणि मी चाकाला लाथ मारून येणाऱ्या-जाणाऱ्यांची करमणूक करत राहिलेली.

तीन गॅरेजं झाली. एकानं बॅटरी बदलली, एकानं प्लग. तिसरा म्हणाला, "मॅडम, गाडी ओके हाय, तुमचा हात बसला न्हाई." वीस वर्षं गाडी चालवते मी! त्याला असं काही सुनावलं, की शेजारचा पानवालाही बाहेर आला.

मग एका परतीला आईनं पदराचा बोळा तोंडाशी घट्ट धरलेला मला आरशात दिसला. घाम फुटलेला, डोळे मिटलेले. "थांबू का?" म्हटलं, तर नुसती मान हलवली. गाडी बंद पडू नये म्हणून ती उलटी दाबून बसली होती. घरी पोचल्यावर म्हणाली, "लई झालं आता. तुझी शाळा, ही गाडी. बुधवारी शेवटचं जाऊ. पुढं न्हाई यायचं मी." मी भांडले, रडले. ती ऐकेना. डायलिसिस सोडलं तर काय होतं, ते तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच गावातल्या, देगलूर रोडवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेले. गाडी धुऊन-पुसून, सकाळच्या गारव्यात. चाचांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एकदा सेल्फ मारला आणि चावी परत दिली. "ही तर एकदम तंदुरुस्त हाय, बाई. हिला काय विचारू? बिमार असताना आना."

मला इतका राग आला! पण घरी येता येता लक्षात आलं, की तिन्ही गॅरेजांत मी हेच केलं होतं. पाहुणे यायचे म्हणून पोरांना आवरावं तशी गाडी आवरून, गार करून नेली होती.

बुधवारी नांदेडहून न थांबता थेट चाचांच्या दारात. चाचांनी गाडी बंद करायला लावली आणि आईला सावलीत खुर्ची दिली. "दस मिनट बसा अम्मा. बंद केल्यावर इंजिन आनखी तापतं, हवा लागत न्हाई ना." म्हणजे आईच्या विसाव्यासाठी थांबायचो ती दहा मिनिटंच गाडीला बाधायची! चहा आला. आईला पाणी मोजून, म्हणून तिनं अर्धाच कप घेतला.

"आता मारा सेल्फ." घरघर. चाचांनी खिडकीतून बोट दाखवलं. "आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय, पन काटा जागचा हलला का?" खरंच की! इतके महिने तो काटा माझ्या नाकासमोर होता. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो म्हणे, आणि आमचा तापला की मुका व्हायचा. मग कॉम्प्युटर ठिणगीच देत नसे.

चाचांनी गोणपाट अंथरलं, एक फडकं माठातल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि गाडीखाली शिरले. तापात कपाळावर ठेवतात तशी पट्टी त्या सेन्सरवर धरली. दोन-तीन मिनिटं तशीच धरून ठेवली. आई खुर्चीतून पुढं वाकून बघत होती. "मारा!" खालून आवाज आला.

एका सेल्फात चालू. काट्यानं उडी मारली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ना मशीन, ना हत्यार, एक ओलं फडकं! मला चाचांच्या पायाच पडावंसं वाटलं, पण ते गाडीखाली होते. आई म्हणाली, "अगं बाई! मानूस हाय का कोन हाय हा?"

संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसला. आईनं चाचांना विचारलं, "किती दिवस टिकंल?"

"अम्मा, तुम्ही आरामात ये-जा करा. काही होत न्हाई."

शनिवारी येणार का, हे आईला घरी गेल्यावरही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळी चावी शोधत बाहेर आले, तर आई गाडीत बसलेली. मांडीवर स्टीलचा डबा. मी खेकसले, "डबा कशाला घेतला? काय खायचं, काय नाही ते पथ्य माहीत आहे ना तुला?"

तिनं झाकण उघडून दाखवलं. आत ओलं फडकं, नीट घडी घातलेलं.

"असू दे," म्हणाली. "वाटंत मळमळलं, तर थांबू की."