मॅडमची परीक्षा आणि दोनशे बारा फॉर्म

गडचिरोलीला विद्यापीठातल्या आपल्या खोलीत पीएच.डी.चे मार्गदर्शक वैरागडकर सर यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली. वरचे पाच-सात फॉर्म पाहिले, मग मधले पाहिले, मग अगदी तळातले ओढून काढले आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"मोहुर्ले मॅडम, हे तुम्ही घरी बसून भरले का?"

रीता मोहुर्लेच्या अंगाचा तिळपापड झाला. चंद्रपुरात महापालिकेच्या शाळेत ती एकवीस वर्षे शिकवत होती आणि त्यातली शेवटची सहा या पीएच.डी.ने खाल्ली होती. विषय तिच्या वर्गातलाच होता. शहरातल्या मजूर वस्तीतली मुले पटावर असतात, मग शाळेत का नसतात? तो मंजूर व्हायलाच दीड वर्ष गेले. मग रेल्वेलाइनमागच्या वस्तीत भर उन्हाळ्यात दारोदार फिरून तिने दोनशे बारा आयांचे फॉर्म गोळा केले. घामाने बोटाखाली शाई फुटायची, तरी केले. आणि आता सर विचारतात, घरी बसून भरले का!

"काय चुकलं, सर?"

"तुम्हीच वाचा. मूल किती दिवस शाळेत जाते? रोज. घरी अभ्यास घेता? रोज. शाळेबद्दल काही तक्रार? नाही. दोनशे बारा आया आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही! तुमची हजेरी सांगते शंभरातली बासष्ट येतात. मग उरलेली अडतीस काय भुतांची आहेत?"

रीताने गठ्ठा पुढे ओढला. खरेच होते. खुणा अशा एका रेषेत, जणू दोरी लावून मारलेल्या. तिचे तिलाच कळेना की हे आपल्याला आधी कसे दिसले नाही. भरलेला फॉर्म पिशवीत टाकायचा आणि पुढचे दार ठोठावायचे, एवढेच ती करत आली होती. वाचायचे ते सगळे झाल्यावर, निवांत. तो निवांतपणा सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

"हे प्रकरण जमा करायची मुदत एकतीस जुलैला संपते," सर म्हणाले. "एकदा वाढवून झाली, आता वाढणार नाही. चाळीसच आया आणा, पण खऱ्या आणा. प्रकरण लिहून आणलंत तर सही करतो. नाहीतर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात."

त्या दिवशी तारीख होती दहा जुलै.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ती वस्तीत गेली. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, अख्ख्या ओळीला कुलुपे. ओट्यावर एकटा मुखरूबुवा बसला होता.

"बुवा, लोकं कुठी गेले?"

"रोवण्याले गेले ना जी. सावली तालुक्यात, आपापल्या गावाले. पोट्टेबी घेऊन गेले."

"सारेच?"

"मी आहो ना इथी. मले वाकता नाई येत, म्हणून सोडून गेले."

रीताने कपाळाला हात लावला. आपला विषय शहरी शिक्षण, आणि शहर धान रोवायला गावी गेलेले!

रविवारी तिने सावलीची बस धरली. वस्तीतली अंजनाबाई तिला चौथ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात सापडली. पंधरा-वीस बायका रांगेने वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, रोवत मागे मागे सरकत होत्या. फॉर्म भरताना रीताच्या पुढे दारोदार जाऊन बायकांना तयार करणारी हीच अंजनाबाई. तिच्या शब्दाबाहेर वस्तीत कोणी जात नसे.

"आल्या का मॅडम! झाल्या पास?" अंजनाबाई तिथूनच ओरडली.

"काय पास? फॉर्मात सगळ्या बायांनी एकच उत्तर काऊन लिहिलं?"

"मग! मीच त सांगतलं होतं सगळ्यायले. मॅडमची परीक्षा आहे, सहा साल झाले बिचारी पास नाई होऊन राह्यली. खबरदार कोणी उलटंसुलटं सांगतलं तर."

शेजारच्या नीलाबाईने मान वर केली. "मार्क किती भेटले जी?"

"शून्य!"

"काऊन? आमी त सारं बरोबर सांगतलं!"

 संतापाने रीताला हसूही येईना. या बायांनी तिला जीव लावून बुडवले होते. "अवो बाई, बरोबर नको होतं, खरं पाहिजे होतं! पोट्टे शाळेत काऊन नाई येत, हेच मले लिहायचं आहे."

"आन् खरं सांगतलं अन् तुमी नाव काटलं तर?"

"नाई काटत. एकाचंही नाई काटत."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पण हात थांबत नव्हते. काम गुत्त्याचे, म्हणजे उक्ते होते, दिवस मावळायच्या आत बांधी संपवायची होती. मॅडमसाठी कोण खोळंबणार? रीता धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, क्षणभर चिडून उभी राहिली. मग चपला काढल्या, पदर खोचला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि पऱ्ह्याची पेंढी उचलून चिखलात उतरली. तिचे माहेर मूल गावाजवळचे, धानाच्या शेतीतले. हात विसरले नव्हते, कंबर मात्र विसरली होती.

"अरे, मॅडमले त रोवता येते!"

"येते, पण पोटऱ्या मरतीन उद्या!"

ती बायकांच्या रांगेत लागली आणि बोलणी निघाली. आया सहाला कामावर जातात, शाळा सातची. लहानग्यांना उठवून धाडणार कोण? नळ आठला येतो. पाणी भरायला मोठी पोरगी घरी राहते, आणि ती राहिली की तिचा भाऊही राहतो. मागच्या साली एकीच्या मुलीला सगळ्यांसमोर उवा काढायला बसवले, ती पुन्हा फिरकलीच नाही. रीता विचारत गेली, रोवत गेली.

"आन् गुरुवारी त कोणीच नाई पाठवत," नीलाबाई म्हणाली.

अंजनाबाईने तिला कोपर मारले.

"मारू नका. बोलू द्या तिले. गुरुवारी काऊन?"

"तुमी नसता ना जी. गडचिरोलीले जाता. तुमचे पोट्टे दुसऱ्या वर्गात कोंबते, तिथले त्यायले मारते. एक दिवस बुडला का शुक्रवारीबी नाई उठत."

रीताच्या हातातली पेंढी तशीच राहिली. रांग मागे सरकली, ती एकटी पुढे उरली. मुले शाळेत का येत नाहीत हे शोधायला ती दर गुरुवारी रजा टाकत होती. अकराला बोलावलेले, आणि सर तीनपर्यंत व्हरांड्यात बसवून ठेवत. कोणावर रागवावे? सरांवर, नीलाबाईवर, की स्वतःवर?

"थकल्या का मॅडम?" मागून कोणीतरी विचारले.

"नाई," ती म्हणाली, आणि रांग गाठली.

तीन रविवारांत चव्वेचाळीस आया झाल्या. तिने प्रकरण लिहिले. चौथे कारण लिहिताना पेन बराच वेळ अडले, पण लिहिले.

एकतीस तारीखही गुरुवारीच आली. या वेळी तिने रजा टाकली नाही. बाराला शाळा सोडली आणि बस धरली. अडीच वाजता पोचली तेव्हा सर फणफणत होते. "अकरापासून वाट पाहतोय मी!"

"वर्ग होता, सर."

सरांनी पाने चाळली. चौथ्या कारणावर बोट थांबले. वर्गशिक्षिका मार्गदर्शकांच्या भेटीसाठी दर गुरुवारी रजेवर.

"हे काढा."

"नाही काढत."

"अहो, तोंडी परीक्षेत तुमच्यावरच उलटेल."

"उलटू द्या. चव्वेचाळीसपैकी एकोणतीस आयांनी सांगितलं आहे."

"आणि मला विचारतील, त्याचं काय?"

"विचारतील. गुरुवार तुम्हीच दिला होता, सर."

सरांनी घड्याळ पाहिले, प्रकरण आजच पाचच्या आत जमा व्हायचे होते. व्हरांड्यापलीकडे जमा-खिडकीवरचा बाबू आतापासूनच कपाटे लावायच्या तयारीत दिसत होता. "फारच हट्टी आहात," म्हणत त्यांनी पेन उघडले आणि कागद फाटेल इतक्या जोराने सही केली.

"पुढच्या प्रकरणासाठी..."

"रविवारी येईन, सर. शाळेच्या दिवशी जमणार नाही."

उत्तराला न थांबता ती फाइल घेऊन जमा-खिडकीकडे धावली.