चार वर्षांखाली बाटली नाही

चारकोपमधल्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं पेशंटचे नंबर लावतोय. डॉक्टरकी काही आली नाही, पण किस्से एवढे साठलेत की घरी सांगायला लागलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या हातात रिमोट नाही!

* * *

सुरुवात झाली दोन वर्षांच्या पिंट्यापासून. खोकला होता, घरात सिरप होतं. आईने पाजलं. आईला कळू न देता आजीने पाजलं. दोघींना कळू न देता बापाने पाजलं. सगळं एका तासात! प्रेमाचा नुसता ओव्हरडोस!

पोरगं आमच्याकडे आलं ते मान टाकूनच. आमच्या डॉक्टर मॅडमनी हातातलं पेन फेकलं आणि त्याला स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. तिसऱ्या दिवशी पिंट्या ठणठणीत. येऊन माझं स्टूल पाडून गेला.

पण मॅडमनी तेव्हापासून चार वर्षांखालच्या पोरांना सर्दी-खोकल्याचं सिरप लिहिणं बंद केलं. "सावंत, याने खोकला बरा होत नाही, नुसती गुंगी येते. एवढ्याशा जिवाचा श्वास अडकला म्हणजे?"

बरोबर होतं त्यांचं. पण वाट लागली माझी! कारण मॅडमशी कोण भांडणार? सगळे बाहेर येऊन माझ्याशी भांडायचे. त्यात समोरच्या गाळ्यात दुसरे डॉक्टर. ते येईल त्याला लाल सिरप पाजायचे. महिनाभरात आमची अर्धी गर्दी रस्ता ओलांडून गेली.

* * *

एका बाबाला मॅडमनी सांगितलं, "नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. दुसरं काही नको."

तो बाहेर येऊन माझ्यावर तडकला. "काय ओ सावंत, माझं गाव रत्नागिरी! दारात अख्खा समुद्र आहे. मिठाच्या पाण्यासाठी मी चारकोपात राहतोय काय?"

* * *

एका मालवणी आजींना मॅडम म्हणाल्या, "घरात नातवासाठी जेवढी औषधं आहेत, तेवढी घेऊन या."

आजी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर. आत सात बाटल्या! सहांवर सहा वेगळी नावं, पण मॅडमनी बारीक अक्षरं वाचली तर चारांत औषध एकच. दोन बाटल्यांची तारीख तर नातू जन्मायच्या आधीच उलटून गेलेली.

"आणि ही सातवी?" मॅडमनी चष्मा वर केला. "यावर कुत्र्याचं चित्र आहे, आजी!"

"ती खालच्या माळ्यावरच्या टॉमीची," आजी शांतपणे म्हणाल्या. "तेचो खोकलो दोन दिसात गेलो ना!"

नशीब, नातवाला ती अजून पाजली नव्हती!

* * *

एक आई आली. "मॅडम, खोकला तसा नाहीये. पण ते सिरप प्यायला की हा झोपतो ना..."

मॅडमनी तिचे डोळे बघितले आणि म्हणाल्या, "जरा बाहेर बसा, बोलावते." मग मला इशारा केला, पोरगं तू घे.

बाई बाकावर टेकली ती घोरायलाच लागली. पाऊण तास पोरगं माझ्या मिशा उपटतंय, ही आपली ढाराढूर! शेवटी उठली आणि मला म्हणते, "बघा ना काका, डोळ्याला डोळा लागू देत नाही हा!"

* * *

एका संध्याकाळी दवाखान्यात मॅडम, मी आणि पंख्यावर बसलेलं कबूतर. बस्स.

मी म्हटलं, "मॅडम, निदान साखरेचं पाणी लाल करून देऊ. लोकांना बाटली लागते ओ!"

"सावंत, खोकला म्हणजे छातीचा झाडूवाला. त्याला गुंगी देऊन घर स्वच्छ होतं का?"

"आमच्या सोसायटीतला गुंगी न देताच झोपतो."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असंच चाललं तर दिवाळीनंतर दवाखाना बंद करू. पण लिहिणार नाही."

मी त्या दिवशी घरी किस्सा सांगितला नाही. बायकोनेच टीव्ही बंद करून विचारलं, "काय झालं?"

* * *

पुढच्याच आठवड्यात तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, कडेवर तीन वर्षांचा नातू असा एक गृहस्थ आला. चाल ओळखीची वाटली. समोरचे डॉक्टर! बाकावर तीन आया बसल्या होत्या, तिघीही सिरप मागायच्या तयारीने आलेल्या. त्यांनीही ओळखलं. आमच्या केबिनच्या दाराला कडी लागत नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर.

मॅडमनी नातू तपासला. "छाती साफ आहे. पाणी पाजा, नाकात थेंब घाला. श्वास जोरात चालला तर लगेच या."

"ते ठीक आहे," समोरचे डॉक्टर पुटपुटले. "पण मॅडम, एक ओळ लिहून द्या ना. 'सिरप देऊ नये.' खाली सही, शिक्का."

"अहो, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात!"

"घरी माझं कोण ऐकतंय? सून म्हणते, 'पप्पा, अख्ख्या चारकोपला पाजता, मग आमच्याच पोराने काय घोडं मारलंय?'"