बंबवाल्याने स्वस्तात सही केली

आमच्या गल्लीत रादामेस तेहेदाला रादामेस म्हणणारी फक्त त्याची आई. बाकी सगळ्यांचा तो बंबवाला. आग दुसऱ्याने लावायची आणि ह्याने विझवायची, हाच त्याचा धंदा. तिकडे अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एखाद्या क्लबचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, दमला, सामना हातातून निसटायला लागला आणि मॅनेजरच्या कपाळावर घाम आला, की मैदानाच्या कुंपणामागून ह्याला बोलावतात. हा डुलत डुलत येतो, थोडे चेंडू फेकतो, टोपी सारखी करतो आणि घरी जातो. एवढ्यावर माणसाने आईला पक्कं घर बांधून दिलं. आमच्या बेटावरच्या ह्या बानी गावात आयुष्यभर मिठागरात राबलेल्या माणसांना हे जरा खुपतंच.

त्याचं घर आणि माझं ब्यूटी पार्लर ह्यांच्यात एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे. भिंत मी बांधलेली नाही. तेव्हा मला जे ऐकू येतं त्यात माझा दोष किती, हे ज्याने त्याने ठरवावं. शिवाय त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातावर धरलं होतं. म्हणजे मी त्याची कोमाद्रे आणि तो माझा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा वरचं. भावाशी खोटं बोललं तर चालतं, कोंपाद्रेशी नाही.

माणूस म्हणाल तर उंच, संथ आणि लाजाळू. डॉमिनो इतका वाईट खेळतो की त्याला भिडू म्हणून घ्यायला कोणी तयार नसतं. गल्लीत कोणी गेलं की शवपेटीला पहिला खांदा त्याचा, आणि तोही डावा. उजवा हात तो काचेच्या भांड्यासारखा जपतो. बायकोने, झुनिल्दाने, सिलिंडर उचलायला सांगितला की डाव्या हाताने उचलतो. ह्यावरून मी त्याला छळलं नाही असा हिवाळा गेलेला नाही.

पण मागच्या सप्टेंबरात तो परत आला तो वेगळाच. एका दुपारी पार्लर रिकामं बघून मागच्या दाराने आत आला आणि खुर्चीत बसला.

"कोमाद्रे, डोकं धुऊन द्याल?"

"का रे, घरी नळ बंद झाला?"

"हात वर जात नाही," तो म्हणाला. "झुनिल्दालाही सांगू नका. ती आधीच घाबरलीय."

मी डोकं धुऊन दिलं. त्याच्या उजव्या कोपराला सूज होती, चांगली पिकल्या आंब्याएवढी. मी आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी पोटात ठेवली. त्या आठवड्यात पोटाने मला फार त्रास दिला.

डॉक्टरने सांगितलं, काही तुटलेलं नाही, विश्रांती घे. नाताळाच्या सुमारास हात बरा झाला. पण त्याचा जुना करार संपला होता आणि जुन्या क्लबने त्याला निरोपाचा नमस्कार केला होता. चौतिशीतल्या पिचरला पुन्हा करार मिळतो तो बहुधा शेवटचाच. तो चुकीच्या जागी केला तर हात कायमचा जाणार, आणि हात गेला की बंबवाला संपला. हे त्याला कळत होतं. गल्लीला मात्र वेगळंच कळत होतं.

गल्लीच्या डोक्यात जून महिन्यातला एक होमरन अडकला होता. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये रादामेसला आणलं आणि त्याच्या तिसऱ्याच चेंडूवर समोरच्याने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला. सामना गेला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळणाऱ्यांना तो होमरन पाठ होता. कॉफी महाग झाली तरी ते म्हणायचे, "जूनपासूनच सगळं बिघडलं." रादामेस ऐकायचा आणि हसायचा. एकदाही उलट बोलला नाही.

आता दोन क्लब त्याच्या मागे होते. एक मोठ्या शहरातला, श्रीमंत, दर वर्षी मोठ्या मोठ्या खेळाडूंना विकत घेणारा. दुसरा नदीकाठच्या एका लहान शहरातला. त्याच्या टोप्या आमच्या गावात कुत्राही घालत नाही. श्रीमंत क्लब दोन वर्षांचा करार देत होता. लहान क्लब एकाच वर्षाचा, त्यात पैसे निम्मे, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की काढायचं ते क्लबच्या मर्जीवर. भिंतीपलीकडून त्याच्या एजंटचा, मायामीतल्या पोलांकोचा आवाज फोनवरून मला स्वच्छ ऐकू येत होता.

"रादामेस, ह्या लहान क्लबच्या करारावर सही केलीस तर क्लबचा मालक तो लग्नाच्या फोटोसारखा फ्रेम करून लावेल. सगळं त्याच्या सोयीचं आहे. तुझ्या सोयीचं काय आहे त्यात?"

"दोघांनाही इथे यायला सांगा," रादामेस म्हणाला. "मला एकच प्रश्न विचारायचाय."

आधी श्रीमंत क्लबचे सिन्योर किरोस आले. पांढरा लिननचा शर्ट, मोठी काळी गाडी. डुकराच्या मांसाचा अख्खा भाजलेला फरा, द्राक्षं आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला टोपी. माणूस गोड होता, मी उगाच नावं ठेवणार नाही. अंगणात बसून त्यांनी रादामेसच्या आईच्या हातचं बोकडाचं मटण तीनदा वाढून घेतलं. मी तिथेच होते. कोंपाद्रेच्या घरी पाहुणा आला की कोमाद्रेने मिठाई घेऊन जायचं असतं, आणि मी दुधाची वडी घेऊन गेले होते. ती मी फार हळूहळू वाढत होते.

जेवण झाल्यावर रादामेसने विचारलं, "सिन्योर, तुमच्याकडे मला उठवून परत बसवलं, तर ते कोण मोजतं?"

किरोस हसले. "मोजायचं काय त्यात? चेंडू मैदानात फेकला तर मोजायचा. बाकी तर नुसता सराव."

"बरं," रादामेस म्हणाला आणि त्यांना कॉफी दिली.

किरोस गेल्यावर झुनिल्दा तडक माझ्याकडे आली. डोक्याला रोलर लावून घेता घेता रडकुंडीला आली होती.

"कोमाद्रे, हा माणूस वेडा आहे. घरावर दुसरा मजला चढवायचाय, सळया चार वर्षं आकाशाकडे बघत उभ्या आहेत. आणि हा विचारतो, उठवणं-बसवणं कोण मोजतं. उठवणं-बसवणं म्हणजे काय असतं?"

मला ते ठाऊक होतं. डोकं धुताना त्याने सांगितलं होतं. कुंपणामागे फोन वाजतो: तेहेदाला तयार करा. हा उठतो, हात गरम व्हावा म्हणून पूर्ण जोर लावून फेकायला लागतो. इकडे मैदानात संकट टळतं, फोन येतो: बसवा. हा बसतो, हात थंड होतो. अर्ध्या तासाने परत फोन. परत जोर. परत बस. कधी तिसऱ्यांदाही. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, तेहेदा खेळला नाही. मॅनेजरला वाटतं, काल आराम झालाय, आज पुन्हा वापरू. जुन्या क्लबने असं करत करत हात सुजवला.

पण हे बायकोला कसं सांगायचं? मी तिच्या डोक्यात कंगवा फिरवत विचारलं, "रविवारी चर्चला जायचं असतं तेव्हा तू त्याला काय म्हणतेस?"

"म्हणते, 'चल, माझं झालंच.'"

"मग तो काय करतो?"

"गाडी चालू करतो."

"आणि तू?"

तिने कानाच्या पाळीला हात लावला. "मला कानातलं सापडत नाही."

"मग तो गाडी बंद करतो."

"करतो."

"आणि तू परत ओरडतेस, 'चल, झालं.' परत चालू. मग तुला चप्पल बदलायची असते. परत बंद. आणि वर्षात गाडी दोनदा मेकॅनिककडे गेली, तेव्हा तू काय म्हणालीस? 'आपण तर चर्चपलीकडे कुठे गेलोच नाही.'"

झुनिल्दा आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग पुढचा रोलर तिने स्वतःच उचलून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या क्लबचा माणूस आला त्या दिवशी वीज नव्हती. सकाळपासून गेलेली होती, माझा इन्व्हर्टरही बंद पडला होता आणि दोन बायका अर्ध्या ओल्या केसांनी माझ्यावर ओरडत होत्या. इतक्यात भाड्याच्या मोटारसायकलवरून एक ठेंगणा, पोट सुटलेला म्हातारा उतरला. खांद्यावर जुनी कापडी पिशवी. मी म्हटलं, "आलात का एकदाचे? मागे आहे, पायरीखाली. बॅटरी बघा."

तो निमूट मागे गेला. बराच वेळ वाकून बसला. मग येऊन मला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत बोलला, "बघितली, दोन्या. छान बॅटरी आहे. पण मी बेसबॉलवाला. तेहेदाचं घर कुठलं?"

ते इसाइयास मोंतिया होते, मूळचे व्हेनेझुएलाचे. लहान क्लबमध्ये कुंपणामागच्या पिचर लोकांना सांभाळायचं काम त्यांचं. फोन उचलतात तेच. हातात ना फळांची टोपली, ना टोप्या. रादामेसच्या आईने त्यांना भाताची खरवड वाढली तर ती त्यांनी बोटाने खरवडून खाल्ली. तिथेच आईंनी मनात सही केली असणार.

रादामेसने तोच प्रश्न विचारला. मी वडी वाढत होते. दुसऱ्यांदा.

मोंतिया म्हणाले, "मागच्या जूनमध्ये तुमचा सामना आमच्याशी होता. तो होमरन आठवतो?"

अंगणाच्या भिंतीवर कोपर टेकून डॉमिनोवाले ऐकत होते. एक जण म्हणाला, "आम्हाला विचारा, आम्हाला आठवतो."

"तुम्हाला होमरन आठवतो," मोंतिया म्हणाले. "मी समोरच्या कुंपणामागे होतो. मला पूर्ण दिसत होतं. सहाव्या इनिंगला ह्याला उठवलं, चांगला घाम काढला आणि बसवलं. सातव्याला परत उठवलं, परत बसवलं. आठव्याला मैदानात आणलं तेव्हा ह्याच्या खांद्यात काही उरलं नव्हतं. मी आमच्या मुलाला सांगितलं, आता जोरात मार, ह्याचा चेंडू आज वरच राहणार, मारायला सोपा."

भिंतीवरचे कोपर सगळे खाली गेले. रादामेसने मान खाली घातली. इतके महिने त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सबब वाटली असती. आणि ज्या एका माणसाने ते पाहिलं होतं, त्यानेच त्याच्यावर होमरन मारून घेतला होता.

"तर म्हणजे, तुमच्याकडे मोजतात," रादामेस म्हणाला.

"मी मोजतो. मॅनेजर फोनवर शिव्या देतो, मी म्हणतो, हा आज दोनदा उठलाय, उद्या मिळणार नाही. मग तो फोन आपटतो."

"आणि ऐकतो?"

"आपटल्यावर ऐकतो." मोंतियांनी पाण्याचा घोट घेतला. "पण हे करारात लिहिता येत नाही, बरं का. मालक लिहू देणार नाही. मी आहे तोवर माझा शब्द आहे. मला काढलं, तर तुला तुझं बघावं लागेल. हे आधीच सांगतो."

दारात उभी असलेली झुनिल्दा म्हणाली, "सिन्योर, हे कोणी बायकोसाठी पण मोजतं का?"

"बायकोसाठी कोणीच मोजत नाही, दोन्या," मोंतिया म्हणाले. पहिल्यांदाच सगळे हसले.

रादामेसने स्वस्तात सही केली. गल्लीत हाहाकार. हात गेलाय, म्हणून मिळेल ते घेतलं, असं म्हणणारे निम्मे. त्या शहरात कोणी बाई आहे, असं म्हणणारे बाकीचे. बाईची अफवा माझ्या पार्लरमधून निघाली असं म्हणतात. मी एवढंच म्हटलं होतं की नदीकाठच्या बायका फार सुंदर असतात. पुढचं लोकांनी स्वतः रचलं. झुनिल्दा तर आठवडाभर मला बघून हसत होती. म्हणाली, "तिला सांगा, तो झोपेत घोरतो."

मे महिन्यात, एका दुपारी, पार्लर माणसांनी भरलं होतं. डॉमिनोवाले बायकांच्या खुर्च्यांमागे उभे होते, कारण कोपऱ्यावरच्या दुकानाचा टीव्ही बिघडला होता. नदीकाठचा क्लब एका धावेने पुढे होता. आदल्या दिवशी रादामेसला दोनदा उठवून बसवलं होतं आणि मैदानात बोलावलंच नव्हतं. आज आठवी इनिंग आली आणि समोरच्यांचे दोन धावपटू धाव घ्यायला टपून मैदानात उभे राहिले.

"आता बंबवाला," सगळे म्हणाले.

कॅमेरा कुंपणामागे गेला. मोंतियांनी फोन कानाला लावला होता. ऐकत होते, आणि मान हलवत होते. नाही, नाही. पलीकडून मॅनेजर काय म्हणत होता देव जाणे, मोंतियांनी फोन जरा कानापासून लांब धरला. मग बोट दाखवलं एका कोवळ्या पोराकडे. पोरगा धावत गेला. रादामेस जॅकेट घालून बाकावर बसून राहिला. सूर्यफुलाच्या बिया खात होता.

पोराने धावा दिल्या. सामना उलटला. पार्लरमध्ये जे काही बोललं गेलं ते मी लिहू शकत नाही. मोंतियांच्या आजोबांपर्यंत गेलं.

"उठवा रे त्याला," एक जण टीव्हीला म्हणाला. "पैसे काय बसायचे देतात?"

माझ्यापुढच्या खुर्चीत झुनिल्दा होती, अर्ध्या डोक्याला रोलर. ती टीव्हीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"बसू दे त्याला," ती म्हणाली.

"झुनिल्दा, हरतोय क्लब."

"हरू दे. उद्या जिंकेल." मग मला म्हणाली, "बघा कोमाद्रे, कसा बसलाय. रविवारीसुद्धा घरी इतका नीट बसत नाही."

डॉमिनोवाले कुरकुरत निघून गेले. कॅमेरा अजून एकदा कुंपणामागे गेला, तेव्हा रादामेस बियांचं पाकीट मोंतियांच्या पुढे धरत होता. झुनिल्दाने खुर्चीत मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"सावकाश करा," ती मला म्हणाली. "आज घाई नाही."