उघड्या डोळ्यांचं दर्शन

यांचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आमच्या बेसा गावातल्या घरात मरणाविषयी मोकळेपणाने बोलणारे एकटे हेच होते. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पक्के नास्तिक. माझ्या पूजेला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. फुलं तोडून आणून द्यायचे, पण हात जोडायचे नाहीत. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मी गेलो की डोळे द्यायचे. लगेच फोन करायचा, रडत बसायचं नाही."

डोळे देणारा पुढच्या जन्मी आंधळा येतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. ते मला खरं वाटायचं असं नाही, पण खोटं म्हणायचीही छाती नव्हती. मी तसं बोलून दाखवलं तर हे हसले. "पुढचा जन्म तुझा. माझा हा एकच. त्यातलं काही कोणाच्या कामी आलं, तर तेवढा मी उरेन." मग म्हणाले, "पण तुझ्या मनाविरुद्ध नको. तू हो म्हटलंस तरच."

त्यानंतर माझं जपात मन लागेना. पुढे काहीच नाही असं मानणारा माणूस इतका शांत, आणि पुढे सगळं आहे असं मानणारी मी भीतीने अर्धी झालेली. मग माझी श्रद्धा कसली, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शेवटी मुलीला त्यांच्याजवळ बसवून मी रामटेकला गेले.

गडावर गर्दी बेताची होती. गाभाऱ्यासमोर सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मीही मिटले, पण आत नुसता काळोख. उघडून पाहते तर शेजारची एक म्हातारी बाई पापणीही न हलवता रामाकडे पाहत उभी होती. बाहेर आल्यावर आम्ही दोघी एकाच ओट्यावर टेकलो. ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातून आली होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही डोळे नाही मिटले?"

"काहून मिटू वं बाई? लय वर्सं मिटल्यावानीच होते," ती म्हणाली. "हा डावा डोळा माहा नाही. कोन्या मेलेल्या मानसाचा हाय. डाक्टरनं बसवून देला."

"कोणाचा?" मी विचारलं.

"नाव नाही सांगत ते. देव मानत होता का नाही, तेबी मले मालूम नाही. पण मी इथं आली का त्याचंही दर्शन करून जाते. त्याले आता येता येत नाही ना."

एवढं बोलून ती पदर सावरत पायऱ्यांकडे निघून गेली. मी तिला माझ्याबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. "योगायोग," हे म्हणाले. मग मिश्कीलपणे, "म्हणजे मलाही कोणीतरी रामटेकला नेणार तर."

"चालेल तुम्हाला?"

"चालेल. ज्याला जे पाहायचं ते पाहू दे."

मी हो म्हटलं.

थोड्याच दिवसांत, कोवळ्या उन्हाच्या वेळी ते गेले. मी त्यांचा हात धरून रामाचं नाव घेत होते आणि ते खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते. आमच्या दोघांपैकी कोणालाच भीती वाटत नव्हती.

नेत्रपेढीची माणसं आली. काम संपल्यावर त्यांनी पापण्या नीट मिटवल्या आणि जाताना यांना वाकून नमस्कार केला. मी बघत राहिले. आयुष्यभर मी रामाला "सगळं तुझंच" म्हणत आले आणि मूठ मात्र आवळून धरली. ती उघडायला त्याने मला एक नास्तिक नवरा दिला आणि वाट चुकू नये म्हणून त्या मावशीला ओट्यावर आणून बसवलं. त्याचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू?

सगळे बाहेर गेल्यावर मी यांच्या पायांवर डोकं टेकवलं, रामासमोर टेकवते तसंच. उभ्या जन्मात त्यांनी मला कधी पाया पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी अडवायला ते नव्हते.