मधल्या मापाची बाई

कारखान्यात तिला सगळे मीडियमताई म्हणत. नवा नमुना शिवला की आधी तिच्या अंगावर चढायचा. तिला बसला की ते मीडियम, आणि बाकीची मापं त्यावरून लहानमोठी. या कामासाठी तिला मशीनवरून उठवून नमुन्यांच्या खोलीत आणलं होतं, आणि तिनंही तो तोरा मनापासून मिरवला होता.

या खेपेला दुकानांतून तक्रारी आल्या: मीडियम ढगळ होतंय. कटिंगमास्तरांनी कागदी फर्मे ताडून पाहिले, कापणाऱ्यांना फैलावर घेतलं. ती खिडकीशी ओढणीचं टोक पिळत उभी. चोराच्या मनात चांदणं!

लग्नाआधी महिनेच्या महिने पाळी यायची नाही, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हा पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा आजार, नुसता पाळीचा नाही. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळ्यांवर कायम लक्ष ठेवायचं. कंबर वाढली तर आधी तपासायला यायचं. पुढे मुलगी झाली. "लेकरू झालं, दुखणं गेलं," असं सासूबाई म्हणाल्या आणि तिला तेवढंच हवं होतं.

अलीकडे मानेवर काळपट पट्टा उमटला होता. ती न्हाणीघरात खसाखसा घासायची.

"वहिनी, मान घासतेस की तवा?" नणंद म्हणाली. "माझ्या मैत्रिणीचं असंच झालं होतं. साखर वाढलेली निघाली."

"तुझ्या मैत्रिणीला सगळंच होतं बाई!"

पण त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना उठायची, झोपताना उठायची.

शेवटी ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, टेप लावा."

"कशाला? तुझं माप मला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच कुणी घेत नाही."

मास्तरांनी टेप लावला आणि तिच्याकडे न बघताच गुंडाळला. "नमुना तुला बसावा म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडत आलोय गं. म्हटलं, बाईमाणसाला कंबरेचं काय बोलायचं?"

"वा! मला सांभाळलंत आणि गावभरच्या बायका ढगळ केल्यात!"

मास्तरांना हसू आलं, तिलाही. पण तिचं लगेच विरलं.

"दोष कापडावर ढकलतो," मास्तर म्हणाले. " साहेबांना काय कळतंय?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. खोलीतली ती उजेडाची खिडकी, तो मोठा आरसा. हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि कंबरही.

"नको. दुसरी बाई बघा. मी मशीनवर जाते. आणि उद्या सकाळी सुट्टी द्या, उपाशीपोटी तपासणीला रक्त द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, साखरेचं गोडमिट्ट पाणी नाक दाबून प्यायली. पुन्हा रक्त द्यायला दोन तास होते. ती भिंतीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागली.

"ताई, बसून राहा," रक्त काढणारी मुलगी म्हणाली. "चाललात तर आकडा चुकेल."

"कमी येईल?"

"येईलही. पण मग तपासायचं कशाला?"

ती बाकावर बसली. दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले, तरी टाचा हलायच्या थांबेनात.