आधी माणसं, मग अक्षरं

दिवेआगरला आत्याच्या वाडीत पाहुणे उतरतात आणि त्यांच्या बुकिंगची वेबसाइट मी लिहिली आहे. चांगली लिहिली आहे. आसपासच्या बाकीच्या वेबसाइट बघून माझं डोकं फिरतं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आत्याचा एक नियम आहे. किती माणसं ते कळल्याशिवाय तिच्याकडे भाताचा टोप चढत नाही. पाहुणा फाटकात असतानाच ती विचारते, "किती मानसं हायत?" नाव-गाव नंतर. एकदा सांगितल्यापेक्षा दुप्पट मंडळी उतरली, तेव्हा तिने माझ्यामागे भुणभुण लावली, "तुझ्या त्या फॉर्मात पयली मानसं मोज. बाकीचं मागनं." तिच्यापुढे कोणाचं चाललंय? माणसांचा आकडा वाचणारी ओळ मी कोडमध्ये सगळ्यात वर नेऊन ठेवली.

पुढे थोड्याच दिवसांत एक कुटुंब दुपारच्या जेवणाला यायचं होतं. मी वाडीतच होते. आत्याने त्यांचा फॉर्ममधून आलेला निरोप माझ्यापुढे धरला. "ह्ये काय लिवलंय गो?"

टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि मधेमधे कसलीकसली चिन्हं, बस. आजवरचे पाहुणे मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायचे. हे पहिलेच देवनागरीत लिहिणारे, आणि त्यांचीच ही दशा! मला भयंकर राग आला.

आत्याने फोन लावला, लागेना. मंडळी आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीत होती. इकडे कोळंबीचं कालवण उकळत होतं आणि वांग्याच्या भाजीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडायच्या बेतात होते.

"एसी हाय का इचारत आसतील," आत्या म्हणाली.

"एसीसाठी कोणी एवढं लांबलचक लिहीत नाही. थांब, हे वाचून होईपर्यंत सोडे घालू नकोस."

कोड उघडताच घोळ दिसला. फॉर्ममधली अक्षरं यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या पद्धतीने वाच, हे सर्व्हरला आधी सांगावं लागतं. त्यातला एक जरी रकाना त्याआधी वाचायला मागितला, तर सर्व्हर सगळा फॉर्म आपल्या जुन्या सवयीने वाचून मोकळा होतो. मग मागाहून कितीही ओरडा, ढिम्म. माझी यूटीएफ-८ची ओळ जागेवर होती, पण आत्याची माणसं त्या ओळीच्या आधी मोजली जात होती. कोडमध्ये भाताचा टोप मध्ये आलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

पण अक्षरं हरवली नव्हती, नुसती चुकीची वाचली गेली होती. ज्या पद्धतीने वाचली त्याच पद्धतीने ती परत बाइटमध्ये, म्हणजे मुळातल्या आकड्यांत, उलगडली आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचली. मराठी समोर उभी राहिली. मी मोठ्याने वाचलं:

"आईला कोळंबी अजिबात चालत नाही, सुकीसुद्धा. मागे एका ठिकाणी भाजीतून पोटात गेली आणि तिचा श्वास अडकला. ती संकोची आहे, स्वतःहून काही सांगणार नाही. म्हणून लिहितोय."

आत्या क्षणभरही थांबली नाही. कालवणाचा टोप तिने शेजारी देऊन टाकला, पळ्या, झारे, कढया घासायला माझ्यापुढे टाकल्या आणि मोड आलेल्या वालांचं बिरडं फोडणीला घातलं. वांगी बिनसोड्यांची शिजली. भांडी झाल्यावर मी यूटीएफ-८ची ओळ सगळ्यांच्या वर नेली. आत्याला विचारलंसुद्धा नाही.

मंडळी पानावर बसली. निरोपातल्या आजी भात चिवडत होत्या. वांग्याला हात लावत नव्हत्या. कोकणातल्याच असाव्यात, वांग्यात काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. पण विचारत नव्हत्या.

आत्या त्यांच्यासमोर जाऊन बसली. "खावा आजी. सोडं न्हाय घातलं. तुमच्या ल्येकानं लिवलेलं, आमी वाचलं."

आजींनी मुलाकडे पाहिलं. मग त्यांनी वांगं खाल्लं, आणि पान पुढे करून म्हणाल्या, "अजून वाढा."